अबोली टाकू नकोस

फोंडा, गोवा
८ जानेवारी

प्रिय बाय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. ‘पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यात, दोन्ही कुंड्या टाकून देऊ का?’ हे वाचलं आणि रात्री झोप लागेना. टाकू नकोस गो. ती अबोली तुझ्या आईच्या विहिरीकडची आहे. घर विकलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिथून पाच फांद्या आणल्या होत्या. तीन जगल्या. दोन तू चवथीला आलीस तेव्हा नागपूरला नेल्यास, एक माझ्या पायरीशी आहे. विहिरीभोवती आता फरशी घातली आहे, तिथे काहीच उरलेलं नाही.

तू लिहिलंस त्यावरून मला जे वाटतं ते सांगते. कोवळी पानं आधी पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. आपल्याकडची जांभ्याची तांबडी माती आंबट असते, अबोली तिच्यात सुखानं वाढते. तुमची काळी माती चुनखडीची आणि वर बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून तू खत वाढवलंस तरी फरक पडला नाही. आणखी खत आता घालूच नकोस.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणून लिटरभर पाण्यात २ ग्रॅम विरघळव, त्यात लिंबाचे चार थेंब पिळ आणि सकाळी लवकर पानांवर फवार. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारल्याचे डाग फरशीवर गंजासारखे पडतात आणि निघत नाहीत, तेव्हा कुंडी अंगणात ने. जुनी पिवळी पानं हिरवी होतीलच असं नाही. नव्या पानांकडे बघ.

कुंडी मात्र आत्ता बदलू नकोस. तुमच्याकडे जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. अबोलीला थंडी सोसत नाही, ती वाढ थांबवून गप्प बसते, आणि अशा वेळी मुळं हलवली तर ती पुन्हा धरणार नाहीत. दक्षिणेकडच्या भिंतीशी ठेव, दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. आणि पाणी कमी कर. बोट दोन पेरं आत घालून बघ, कोरडं लागलं तरच घाल. खालची बशी तर काढूनच टाक.

फेब्रुवारीच्या मध्यावर कुंडी उलटी करून गड्डा बाहेर काढ. मी दिलेली तांबडी माती मध्ये आणि तू घातलेली काळी भोवती, अशी ती असणार. भोवतालची काळी माती हलकेच झटक आणि मुळं नीट बघ. त्यांच्यावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. तीन वर्षांपूर्वी माझी कुंपणाकडची सगळी रांग त्यांनीच नेली. दुपारी झाडं माना टाकायची, संध्याकाळी सावरायची. मला वाटलं तहान लागली आहे, म्हणून मी आणखी पाणी घालत राहिले. उपटून बघितलं तेव्हा कळलं. मग त्याच जागी मी नवी रोपं लावली, तीही गेली. त्यातली दोन माझ्या आईनं लावलेल्या झाडाची होती. ते दुःख अजून जात नाही, म्हणून तुला इतकं खोदून सांगते आहे. गाठी दिसल्या तर ती माती बागेत कुठेच टाकू नकोस.

मुळं स्वच्छ निघाली तर ८ इंची कुंडी पुरे. तांबडी माती मिळाली तर उत्तम, नाहीतर वाळू, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट जास्त घे, काळी माती अगदी थोडी. मूठभर निंबोळी पेंड मिसळ. फांद्या वरून तिसऱ्या हिश्श्याइतक्या छाट. एप्रिल-मेमध्ये सकाळचं ऊन दे, दुपारचं अजिबात नको.

नर्सरीवाला तुला दिल्ली अबोली घे म्हणाला, ते खरं आहे, ती भरभरून फुलते. विटकरी रंगाची, मोठ्या पाकळीची. पण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे तिला बी धरत नाही, फांदीवरूनच वाढवावी लागते. तुझ्या आईची फिकट केशरी, जुनी गावठी. तिला बोंडं येतात. आठवतं, सुकलेली बोंडं आपण पाण्याच्या पेल्यात टाकायचो आणि ती फटकन फुटून बिया पडवीभर उडायच्या? पहिल्या पावसात सगळं झुडूपच तडतडायचं, तेव्हा काकी, तुझी आई, म्हणायच्या, “ऐक, अबोली बोलायला लागली.” एका बोंडात चारच बिया, आणि आपण त्या शोधत रांगायचो.

काल शांतादुर्गेच्या देवळाबाहेर अबोलीचा वळेसर घेतला, केळीच्या दोऱ्यात गुंफलेला. फूल इतकं हलकं की एका वळेसरात किती जातात ते मोजवत नाही. काकी रोज संध्याकाळी तुझ्यासाठी एवढी फुलं खुडायच्या. वास नाही म्हणून या फुलाला कुणी कमी लेखलं तर मला अजूनही राग येतो.

झाड सावरलं की फुलांचं सुकलेलं कणीस देठापासून मोडत जा, म्हणजे नवी कणसं येतील. नाहीच सावरलं, तर पावसाळ्यात माझ्या पायरीशी असलेल्या झाडाच्या फांद्या घेऊन मी स्वतः येईन. पण आधी महिनाभर हे करून बघ. पानांचे फोटो पाठव, मागच्या बाजूचेसुद्धा.

याच पाकिटात वहीच्या कागदाची पुडी आहे. त्यात त्याच झाडाची दहा बोंडं ठेवली आहेत, न फुटलेली. ओल्या हातानं उघडू नकोस.

तुझीच,
शेजारीण