मास्क फुकट वाटण्यापूर्वी

संपादक महोदय,

कोरोनाच्या टाळेबंदीत घरबसल्या मास्क शिवून फुकट वाटणाऱ्या निवृत्तांचे कौतुक गेले दोन महिने सगळीकडे छापून येत आहे. त्या निवृत्तांतला मीही एक. पण पत्र लिहितोय ते या कौतुकात भर घालायला नव्हे.

मी इचलकरंजीचा, यंत्रमागांच्या गावचा. एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यात ३१ वर्षे काढली, निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. यंदा पाडवा आणि टाळेबंदी एकाच दिवशी आले, २५ मार्च २०२० ला. गुढी उभारली, पण साखरेची माळ मिळाली नाही. त्या रात्री गावातले माग बंद होते. परगावच्या पाहुण्यांना आमचा खडखडाट सोसवत नाही, आम्हांला मात्र तो थांबला की झोप लागत नाही. पुढचे काही दिवस सकाळी नऊला आणि रात्री नऊला ‘रामायण’ पाहण्यात गेले. पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये, हा सरकारी सल्ला मुलगा पुण्याहून दिवसातून दोनदा फोनवर ऐकवत होता.

एप्रिलच्या सुरुवातीला आरोग्य मंत्रालयाने घरी शिवलेला सुती मास्क वापरा असे सांगितले आणि सौभाग्यवतींनी मशीनवरचे झाकण काढले. मशीन तिचे, लग्नात आलेले, पायाचे. मोतीबिंदूमुळे तिला सुईत दोरा ओवता येत नाही. त्यामुळे ती खुर्चीवर बसून सांगणार आणि मी पायडल मारणार असे ठरले.

ओळखीच्या एका मागवाल्याने कोऱ्या कापडाचे तुकडे दिले. नऊ इंच बाय सात इंच, दोन पदर, तीन चुण्या, दोन्ही कडांना इलॅस्टिक. पहिले चाळीस मास्क मी अभिमानाने शिवले, आणि सौ.ने ते गरम पाण्यातून काढून वाळत घातले. संध्याकाळी दोरीवरून उतरवले ते नातवाच्या मापाचे. मागावरच्या कापडाला खळ, म्हणजे कांजी असते, ते रात्रभर भिजवून, खळबळून, आटवून मगच कापायचे असते. “एकतीस वर्षं सुताचे हिशेब केलेत, आणि खळ माहीत नाही?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

इलॅस्टिक आठवड्याभरात संपले. दुकाने बंद. मग जुने बनियन आडवे कापून त्याच्या पट्ट्या केल्या. पट्टी ताणली की आपोआप गोल वळते, नाडीसारखी होते, आणि कानाला इलॅस्टिकपेक्षा कमी टोचते. मेच्या मध्यापर्यंत सहाशेच्या वर मास्क झाले. सुरुवातीचे सफाई कामगारांना, रेशन दुकानातल्या माणसाला, भाजीवाल्यांना दिले. नंतर गल्लीत. मग शेजारच्या गल्लीत. लोक दारात येऊन “काका, आमच्यात सहा जण आहेत” म्हणू लागले. एका बाईंनी साडीला जुळणारा रंग मागितला. खोटे कशाला बोलू, मला आवडत होते. निवृत्तीनंतर इतकी माणसे माझ्या दारात कधी आली नव्हती.

आमच्यापासून चार घरे सोडून एक बाई ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नवरा मागावर, म्हणजे तोही घरी. लग्नसराई हे तिचे सुगीचे दिवस. यंदा २६ एप्रिलची अक्षय तृतीया कोरडी गेली. शिवून तयार असलेले वीसेक ब्लाउज तिच्या भिंतीवर तसेच टांगलेले, कारण लग्नेच पुढे गेली तर न्यायला कोण येणार? जूनमध्ये गणवेशाचे काम असते. शाळा बंद, तेही गेले. तिने मास्क शिवायला घेतले आणि दारावर पाटी लावली, ‘१५ रुपये’. ती पाटी मी रोज बघत होतो. आपला आणि त्या पाटीचा काही संबंध आहे, हे या हिशेबनिसाच्या डोक्यात आले नाही.

सौ. इलॅस्टिक आहे का विचारायला तिच्याकडे गेली, तेव्हा ती हसत हसतच म्हणाली, “काकू, काका फुकट देतात. मग माझ्याकडं कोण येणार?”

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. एक मीटर कापडात, पन्हा, म्हणजे रुंदी, छत्तीस इंच धरला तर, दुपदरी दहा मास्क बसतात. कापड, इलॅस्टिक, दोरा धरून एका मास्कला सात रुपयांच्या आसपास. पंधराला विकला तर तिच्या हातात आठ. दिवसाला पन्नास झाले तर चारशे रुपये, त्यात घर चालते. माझ्या सहाशे मास्कांपैकी निम्मे तरी पंधरा रुपये सहज देऊ शकणाऱ्या घरांत गेले होते. माझे पेन्शन येतेच. माझी हौस कोणाच्या खात्यावर खर्ची पडली, हे वेगळे सांगायला नको.

आता मी मास्क शिवत नाही. कापड भिजवतो, इस्त्री करतो, पुठ्ठ्याचे माप ठेवून तुकडे कापतो, आणि गठ्ठा तिच्याकडे पोचवतो. ज्यांना खरेच परवडत नाही त्यांच्यासाठी तिच्याकडून पंधराच्या भावानेच विकत घेऊन देतो. कापण्याचे पैसे घ्या म्हणून ती हट्ट करते. ते मी घेत नाही, हा मात्र माझा हट्ट.

गेल्या आठवड्यात एका तरुण मंडळाची मुले आली. मंडळाचे नाव छापलेले पाचशे मास्क हवेत, कापड आमचे, शिलाई काकांची ‘समाजसेवा’. छपाईवाल्याला पैसे देणार का, विचारले. देणार म्हणाले. मग त्यांना चार घरे पलीकडे पाठवले. तिथे त्यांनी सरकारी दर काढला : दुपदरी मास्क आठ रुपयांवर विकता येत नाही. ती बिचारी घाबरली. मला मध्ये पडावे लागले. २१ मार्चपासूनची ती दरमर्यादा दुपदरीला ८ आणि तिपदरीला १० रुपये अशी होती, पण ती वापरून फेकायच्या सर्जिकल मास्कची. धुऊन, उन्हात वाळवून महिनोन्महिने वापरायच्या सुती मास्कची नव्हे. शिवाय यांना तर नुसती शिलाईच द्यायची होती.

माझ्यासारख्या मशीन असलेल्या निवृत्तांना एवढेच विचारायचे आहे की, तुमच्या गल्लीत शिवणकामावर पोट असलेले कोणी आहे का, हे पाहिलेत का? आणि अशा बातम्या छापताना आपणही त्या बाईचा दर छापावा. फोटो आमचा नसला तरी चालेल.

मंडळाने अखेर शिलाईचे सात रुपये आणि इलॅस्टिकचे वेगळे असे कबूल केले आहे. पाचशेपैकी तीनशे मास्कांचे तुकडे कापून झाले. इलॅस्टिक अजून आलेले नाही, आणि घरातली बनियने संपली आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक, इचलकरंजी
जून २०२०