गिटारचे मॉडेल ऑनलाइन निवडा, नग मात्र पारखून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक गिटार घ्यायचे ठरले की ती ऑनलाइन मागवायची की दुकानात जाऊन घ्यायची, याचा निकाल बहुतेक घरांत किमतीतल्या फरकावर लागतो. गिटारची जुळणी आणि दुरुस्ती करणाऱ्या आम्हा मंडळींना हा निकाल घाईचा वाटतो. जाहिरातीत आणि व्हिडिओत दिसते ते मॉडेल. घरी येतो तो त्या मॉडेलचा एक नग. एकाच कारखान्यातून लागोपाठ निघालेल्या दोन नगांतही वाजवणाऱ्याच्या बोटांना लगेच कळेल एवढा फरक असू शकतो. म्हणून आधी विचारायचे ते हे, की हा नग तपासणार कोण, आणि तो खराब निघाला तर परत घेणार कोण.

मॉडेलबरोबर पक्क्या ठरलेल्या गोष्टी घरबसल्या नीट कळतात. त्यातली पहिली स्केल, म्हणजे नटपासून (मानेच्या, म्हणजे नेकच्या, टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) तारेचा जो भाग वाजतो त्याची लांबी. फेंडर कंपनीच्या बहुतेक गिटारींची ती २५.५ इंच असते, गिब्सन कंपनीच्या गिटारींची साधारण २४.७५ इंच. लांब स्केलवर तीच तार त्याच सुरात लावायला जास्त ताण लागतो, त्यामुळे लहान हातांना आणि नवशिक्यांना आखूड स्केल सोपी जाते. दुसरी गोष्ट फिंगरबोर्डचा, म्हणजे नेकवर बोटे दाबायच्या पट्टीचा, गोलावा; त्रिज्या लहान तितका गोलावा जास्त. जुन्या धाटणीच्या फेंडरचा तो ७.२५ इंच त्रिज्येचा, हल्लीच्या बऱ्याच फेंडरचा ९.५, गिब्सनचा १२. ७.२५ वर कॉर्ड धरायला हाताला बरे वाटते. पण तारा फार खाली ठेवल्या तर वरच्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) तार ओढताना सूर मध्येच मरतो. तिसरी गोष्ट पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारा भाग. सिंगल कॉइल पिकअप विजेच्या तारांची घरघर पकडतात. ती घालवण्यासाठीच गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन कॉइलचा हंबकर तयार केला. ज्यांच्या खोलीत संगणक, डिमर आणि चार्जर यांची गर्दी आहे त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे, नाहीतर गिटार बिघडलेली आहे असे वाटून धड नग परत पाठवला जातो.

कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी लाकडामुळे बदलतात. एकाच मॉडेलच्या दोन नगांत अर्धा किलोचा फरक सहज पडतो. साडेतीन किलोची गिटार तासभर उभ्याने वाजवणे आणि साडेचार किलोची वाजवणे यात खांद्याला मोठा फरक आहे. तोलाचेही तसेच. काही गिटारी पट्टा लावून हात सोडला की हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, झुकतात आणि मग डावा हात सूर धरण्याऐवजी नेक पेलत बसतो. शिवाय हवा. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. फार कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, आणि त्यांची टोके नेकच्या कडेने बाहेर येऊन बोटांना ओरखडतात. गोदामात महिनोन् महिने पडलेल्या पेटीत हेच घडते. दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या गिटारचेही तेच होऊ शकते. पण तिथे कडेवरून बोट फिरवून एका क्षणात कळते.

दुकानात गेल्यावर गिटार लगेच अ‍ॅम्प्लिफायरला जोडू नये. मोठ्या आवाजात आणि डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटवलेल्या आवाजात) निम्मे दोष झाकले जातात. आधी ट्यूनर लावून तारा नेमक्या सुरात आणाव्यात. खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. ‘गिटार सुरात राहत नाही’ या तक्रारीमागे खुंट्यांपेक्षा हेच कारण जास्त वेळा निघते. मग ब्रिजच्या बाजूने एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकावी. नेक किंचित पुढे वाकलेली असणे योग्य. मात्र एका कडेला एक वाक आणि दुसऱ्या कडेला वेगळा दिसत असेल तर नेकला पीळ बसला आहे. ती गिटार कितीही स्वस्त असो, खाली ठेवावी. दोन्ही टोकांच्या तारा फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, हेही याच वेळी दिसते.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवावी. कंटाळवाणे आहे, पण सहा तारा आणि बावीस फ्रेट म्हणजे फार तर दहा मिनिटे. एखाद्याच जागी खरखर येत असेल तर तिच्या पुढचा फ्रेट वर आलेला असतो. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळीकडे खरखर असेल तर बहुधा नेक फार सरळ किंवा मागे वाकलेली आहे, आणि ते ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आत बसवलेल्या, आवळता-सैल करता येणाऱ्या सळीने, सुटते. बारा ते सतरा फ्रेटच्या पट्ट्यात पातळ तारा पूर्ण एक स्वर वर ओढून पाहाव्यात. आता केबल जोडावी, आवाज स्वच्छ ठेवावा आणि स्विचच्या प्रत्येक जागेवर सूर येतो का ते ऐकावे. नॉब फिरवताना होणारी कुरकुर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅकचा नट सैल आहे किंवा डाख सुटला आहे. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणे हे चांगले लक्षण. अर्थिंग नीट असल्याची ती खूण आहे. हाताने काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर तपासून घ्यावी. शक्य असेल तर घरी आहे तशाच अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवून बघावे. दुकानातल्या मोठ्या ट्यूब अ‍ॅम्पवर कुठलीही गिटार खुलते.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सेटअपने, म्हणजे नेक, तारांची उंची आणि सूर यांच्या जुळणीने, सुटणारे दोष आणि न सुटणारे दोष हा फरक कळला की ऑनलाइन की दुकान हा पेच बराच सोपा होतो. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर जाड तार एकाच वेळी दाबली, तर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट राहायला हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्यानंतर पुन्हा सूर लावून मोजणी. तारांची उंची बाराव्या फ्रेटवर पातळ तारेखाली दीड मिलिमीटर आणि जाड तारेखाली दोन मिलिमीटर ही सुरुवातीला चांगली. ती सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारेचे टेकू, वरखाली करून मिळते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता हलके स्पर्शून निघणारा सूर) जुळत नसतील तर इंटोनेशन चुकले आहे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. हे सगळे घरी करता येते. नटच्या खाचा उथळ असल्या तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. त्यासाठी तारेच्या जाडीच्या खास कानशी लागतात, ते काम कारागिराकडे द्यावे. पिळलेली नेक, अनेक फ्रेट वरखाली, नेक आणि अंगाच्या सांध्यात वाकडेपणा, हेडस्टॉकला चीर ही मात्र नग परत करण्याची कारणे आहेत. यांच्यावर सेटअपचा खर्च करू नये.

किमतींची तुलना करताना हा सेटअप हिशोबात धरलाच पाहिजे. कारखान्यातून आलेली गिटार क्वचितच वाजवण्याजोगी बसवलेली असते. चांगला दुकानदार ती तुमच्यासमोर बसवून देतो, आणि काही महिन्यांनी हवा बदलून नेक हलली की पुन्हा बघून देतो. त्याची किंमत थोडी जास्त असली तरी ऑनलाइन किमतीत वेगळा सेटअप, पोचवण्याचा खर्च आणि परत पाठवण्याचे भाडे मिळवून पाहिले की बहुतेक वेळा फरक उरत नाही. जो दुकानदार पेटी उघडूही देत नाही आणि ‘सगळ्या सारख्याच असतात’ म्हणतो, त्याच्याकडून घेण्यात मात्र ऑनलाइनपेक्षा काहीच जास्त मिळत नाही. उलट तिथे परतीची मुदतही नसते.

पहिली गिटार असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: हातात घेऊनच घ्यावी, आणि स्वतःला वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्या कोणाला तरी सोबत न्यावे. फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज पहिल्या गिटारवर नकोच. त्यात तारांचा ताण मागच्या स्प्रिंगांनी तोललेला असतो, एक तार बदलली की बाकीच्या पाच बेसूर होतात, आणि नवशिक्याचा निम्मा वेळ सूर लावण्यातच जातो.

डावखुऱ्यांची अडचण वेगळी आहे. दुकानात त्यांच्यासाठी एखादीच गिटार असते, तीही बहुधा नको असलेली. सात तारांची, बॅरिटोन (खालच्या सुरात लावायची), लांब स्केलची किंवा विशिष्ट पिकअपची गिटार हवी असेल तरी ऑनलाइनच शोधावे लागते. ज्याने एखादे मॉडेल मनसोक्त वाजवलेले आहे त्यानेही खुशाल ऑनलाइन घ्यावी. फक्त पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: परतीची मुदत किती दिवसांची, परतीचे भाडे कोणाचे, निर्मात्याची वॉरंटी या विक्रेत्याकडून लागू होते का, आणि तपासणीसाठी ट्रस रॉड फिरवला तर परत घेणार का. शेवटच्या प्रश्नावर वाद फार होतात.

पेटी आली की पत्त्याचे लेबल दिसेल असा व्हिडिओ सुरू करूनच ती उघडावी. बाहेर खड्डा किंवा फाटल्याची खूण असेल तर सही करतानाच कुरियरच्या कागदावर तसे लिहावे. फार थंड हवेतून आलेली पेटी काही तास बंदच ठेवावी; गार लाकडावर एकदम ऊब लागली की नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या चकचकीत लेपाला बारीक तडे जातात. पिकगार्डवरचे प्लॅस्टिक, टॅग आणि मूळ तारा तशाच ठेवाव्यात. गिटार सुरात लावून रात्रभर ठेवावी आणि मगच मोजावी, कारण प्रवासातून आलेली नेक ताणाखाली स्थिर व्हायला वेळ घेते. पहिल्या दिवसांत न सुटणारे दोष शोधावेत. तारांची उंची आणि इंटोनेशन यांना नंतर वेळ आहे. मुदतीचे दिवस सेटअप करण्यातच निघून जाणे ही ऑनलाइन खरेदीतली नेहमीची फसगत.

प्रवासात सर्वांत जास्त धोका मागे कललेल्या हेडस्टॉकला. गिब्सनच्या लेस पॉल या मॉडेलवर तो साधारण १७ अंशांनी मागे असतो, नेक महोगनीची असते, आणि ट्रस रॉड आवळायच्या धातूच्या नटसाठी नेमके तिथेच लाकूड कोरलेले असते. पेटी पाठीवर पडली की अंग थांबते, खुंट्यांच्या वजनाने हेडस्टॉक मात्र पडण्याच्या दिशेने जात राहतो आणि तारांच्या नटच्या मागे लाकूड फुटते, बाहेरून पेटीला ओरखडाही नसताना. फेंडरच्या नेकला हेडस्टॉक जवळजवळ सरळ असतो आणि नेक स्क्रूने बसवलेली असते, म्हणून ती प्रवास बरा सोसते. मोडलीच तर बदलताही येते. मागे कललेल्या हेडस्टॉकची गिटार मागवताना विक्रेत्याला कडक केस, नटच्या मागे नेकला आधार आणि हेडस्टॉकभोवती भरीव पॅकिंग मागावे. आल्यावर नटच्या मागच्या भागावर तिरका उजेड टाकून केसासारखी चीर दिसते का बघावे.

जुनी गिटार फोटोवरून घेऊ नये. फ्रेट किती झिजलेत आणि ट्रस रॉडमध्ये फिरण्याची जागा उरली आहे का, हे फोटोत दिसत नाही. नकली गिब्सनचा सुळसुळाटही आहे. अस्सल गिब्सनच्या ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, नकलांवर अनेकदा तीन. नुसत्या अनुक्रमांकावर भिस्त ठेवू नये. नकला करणारे खरे क्रमांकही छापतात.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. साइट्स या धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जानेवारी २०१७ मध्ये सर्व रोझवुडवर (फिंगरबोर्डसाठी वापरतात त्या लाकडावर) आलेले निर्बंध तयार वाद्यांपुरते २६ नोव्हेंबर २०१९ पासून उठले. ब्राझिलियन रोझवुडला मात्र आजही परवाना लागतो. आणि गिटारसोबत अ‍ॅम्प्लिफायर घेत असाल तर तो १२० व्होल्टचा आहे की २३० चा, हे मागच्या पट्टीवर वाचावे. १२० चा अ‍ॅम्प थेट २३० वर लावला की फ्यूज उडतो, कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो.

विक्रेत्यांकडे आमची एक मागणी आहे. काही ऑनलाइन विक्रेते प्रत्येक नगाचा स्वतंत्र फोटो, वजन आणि अनुक्रमांक देतात. सर्वांनीच ते द्यावे. सोबत नेकची फट आणि बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची मोजून लिहावी. दुकानदारांनी वाजवायला शांत कोपरा, ट्यूनर आणि साधा अ‍ॅम्प ठेवावा, आणि सेटअप किमतीत धरला आहे की नाही हे बिलावर लिहून द्यावे.

आपले नम्र,
गिटार जुळणी व दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक