फातोर्ड्याची तिकिटं: कोणाला आणि कशी

मंडळी, गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आपल्या टीमचा फुटबॉल सामना आहे. त्यासाठी आपल्या नाशिकच्या ग्रुपला २० तिकिटं मिळतायत आणि नावं आलीत ३४. चौदा जण नाराज होणार, हे आधीच धरून चालू.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता गोल्फ क्लब मैदानावर, जॉगिंग ट्रॅकपाशी या. वाटप सगळ्यांसमोर होईल.

१२ तिकिटं गेल्या दोन हंगामांत टीमच्या बाहेरगावच्या सामन्यांना सर्वाधिक वेळा आलेल्यांना. उरलेली ८ चिठ्ठ्या टाकून, फक्त अशा सामन्याला एकदाही न गेलेल्यांना. इंग्लंडात बरेच क्लब अशीच हजेरी मोजतात. पण नुसती हजेरी धरली की दरवेळी तेच चेहरे जातात, नव्या पोरांचा नंबर लागतच नाही. म्हणून ही आठ.

- मुंबईत अंधेरीला होणारे सामने टीमचे घरचेच, ते हजेरीत धरणार नाही. (नाशिकहून तीही वारीच आहे, कबूल!)
- जमत नसेल तर तिकीट ग्रुपकडे परत द्या. प्रतीक्षा यादीतल्याला मूळ किमतीत जाईल. परस्पर दिलंत, तर पुढचे दोन दौरे नाव घेणार नाही.
- पैसे रविवारीच. ‘उद्या देतो’ चालणार नाही.

यादी मी करतोय म्हणून माझं तिकीट पक्कं नाही. माझंही नाव चिठ्ठीतच आहे.