आभाळ नको, नुसती रेव

पेडणे, रविवार रात्र

प्रिय मंजू,

काल फोनवर अर्धवट राहिलं ते सगळं लिहूनच सांगते, नाहीतर तुझी पोरं मध्ये येतात आणि माझं बोलणं तिथेच लटकतं. त्या रापणीच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरतात ती) कापडी वॉल हँगिंगचं बॅकग्राउंड एकदाचं ठरलं गो! तीन आठवडे कापडाची माणसं कापून तयार, होडी तयार, जाळं विणलेलं तयार, आणि मागे काय घालायचं तेच कळेना.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं, वर आभाळ, मध्ये समुद्र, खाली वाळू, तीन पट्ट्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून केशरी-जांभळ्या शेडचं कापड आणलं, सनसेटसाठी, इतकं सुंदर होतं की दुकानात हातातून सोडवेना. घरी येऊन भिंतीवर टाचण्यांनी लावलं आणि माणसंच दिसेनात. दोन पावलं मागे गेले तर नजर सरळ त्या केशरीवर, रापण ओढणारे बिचारे कोपऱ्यात. मग मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला (हे तू पण करून बघ, रंग वेगळे वाटले तरी गडदपणा सारखाच असेल तर लगेच कळतं) तर माणसांच्या कुणबी चेक्सचा (गोव्याचं चौकड्यांचं कापड) लाल आणि मागचा केशरी, दोन्ही एकच करडे.

मग आज पहाटे मोरजीला गेले, ओहोटी होती. तिथे टेकाडावर उभी राहून खाली बघितलं आणि डोक्यात उजेड पडला. रापण म्हणजे काय, होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, दोन रांगा. तो अर्धगोल वरूनच नीट दिसतो, समोरून बघितलं की त्याची नुसती रेघ होते. म्हणजे मला आभाळ नकोच होतं! क्षितिज पण नको. वरून बघितलेली रेव, तिरकी पाण्याची कड आणि एका कोपऱ्यात थोडं पाणी, बस्स.

रंगाचं सांगते. ओली वाळू इतकी गडद का दिसते माहितीय, कणांच्या मधल्या फटीत पाणी भरतं मग उजेड कमी परत येतो. वाळू तीच, म्हणून कापड पण एकच घ्यायचं ठरवलं, कोरा मांजरपाट. आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घेतला. कोरडी वाळू फिक्या चहात बुडवून, आणि ओली पट्टी गंजलेले खिळे घालून ठेवलेल्या कडक चहात, चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून करडा काळसर रंग येतो, अगदी ओल्या रेवेसारखा. फक्त नंतर भरपूर खळबळून घ्यायचं, लोखंड राहिलं तर सूत पुढे कमकुवत होतं. लाल चेक्सचे तुकडे पण वेगळे धुतले, पहिल्या पाण्यातच बादली गुलाबी! तसेच शिवले असते तर अख्खी वाळू नासली असती.

आणि नुसतं सपाट नको म्हणून आजीच्या गोधडीसारखा धावदोरा सगळीकडे, पण सरळ रेघांत नाही, पाणी मागे जाताना वाळूवर ज्या वळ्या राहतात ना तशा. खेकड्यांची भोकं म्हणून इकडेतिकडे दोनचार फ्रेंच नॉट, दोऱ्याच्या बारीक गाठी. किनाऱ्यावरच्या मर्यादवेलीची जांभळी फुलं घालायचा फार मोह झाला, एक घातलं, काढून टाकलं. नजर तिकडेच जायला लागली.

आता अडलंय ते फेसापाशी. ऑरगन्झाचं पारदर्शक कापड चमकतं, ते मला पटत नाही, फेस चमकत नाही गो, विरतो. तुझ्या आईची ती पांढरी मलमलची साडी, निऱ्यांपाशी विरलेली, तू म्हणालेलीस ना कपाटात पडून आहे म्हणून? त्यातला हातभर तुकडा देशील का? काठ नको, विरलेला भागच हवा, कडा न दुमडता फाडूनच लावणार आहे, त्याचे दोरे सुटू देत. आईंना आधी विचार हं, त्यांना वाईट वाटणार असेल तर राहू दे, मी दुसरं बघेन. आणि पुढच्या रविवारी आलीस तर साडी घेऊनच ये, कड कुठून कुठे न्यायची ते तू आणि मी जमिनीवर पसरून ठरवू, मला एकटीला ती ओली पट्टी अजून जरा रुंद वाटतेय.

तुझीच,
शुभा