विमान मुक्कामी ठेवा, पायलटलाही घर असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात नांदेडच्या विमानसेवेच्या बातम्या नेहमी येतात, कुठलं नवीन शहर जोडलं, कुठली फ्लाइट बंद झाली, तिकीट किती, टायमिंग काय. वाचून बरं वाटतं. पण ते विमान उडवणारी माणसं रात्री झोपतात कुठे आणि घरी कधी जातात यावर कधी काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र. मी स्वतः पायलट आहे, नांदेडचा आहे आणि सध्या माझ्या टेबलावर एका प्रादेशिक विमान कंपनीचं ऑफर लेटर पडून आहे. पोस्ट फर्स्ट ऑफिसरची म्हणजे को-पायलटची, विमान एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, बेस म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर हैदराबाद. उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय.

आधी माझी परिस्थिती सांगतो. याआधी एका छोट्या कंपनीत सव्वादोन वर्षं उडवलं, ती कंपनी बंद पडली, शेवटचे तीन पगार अजून आलेले नाहीत. तेव्हापासून नांदेडला घरी बसून मुलांचे ग्राउंड सब्जेक्टचे क्लास घेतो, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स. माझे उड्डाणाचे एकूण साडेबाराशे तास झालेत. कॅप्टन व्हायला जे एटीपीएल लायसन लागतं त्याला १५०० तास लागतात. म्हणजे मी दारापाशी येऊन थांबलोय असं समजा, आणि उडवणं बंद राहिलं की हाताची सवय सुटत जाते, दर महिन्याला ते जाणवतं. त्यामुळे हे लेटर आलं तेव्हा घरात पेढे आणले, आईने देवापुढे ठेवले.

मग रात्री बायको आणि मी वही घेऊन बसलो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची नोकरी कायम आहे पण जिल्ह्यातली आहे, आंतरजिल्हा बदली मिळवायलाच लोकांचे चपला झिजवून हाल होतात, तिथे तेलंगणात बदली हा विषयच नाही. ती सोडून सगळं बिऱ्हाड हैदराबादला न्यायचं तर पुन्हा एकदा माझी कंपनी बंद पडली तर काय? ही भीती उगाच नाही. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, या तर मोठ्या कंपन्या होत्या. नांदेडकरांना आठवत असेल, २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची पहिली विमानं निघाली त्यात शिमला-दिल्ली, कडप्पा-हैदराबाद आणि आपलं नांदेड-हैदराबाद होतं. मी तेव्हा ट्रेनिंगमध्ये होतो, आपल्या गावचं नाव त्या यादीत बघून रात्रभर झोप नव्हती. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजाराच्या आसपास तिकीट, एवढा आनंद झाला होता की एक दिवस हीच फ्लाइट मी उडवणार असं वडिलांना सांगून टाकलं. ती फ्लाइट ज्या कंपनीची होती ती पुढे राहिली नाही. तेव्हा घरातली एक नोकरी जमिनीवर घट्ट असली पाहिजे हे आमचं ठरलेलं आहे. चार वर्षांची मुलगी आहे, वडिलांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, उजवा हात अजून नीट चालत नाही. म्हणजे बिऱ्हाड इथेच राहणार आणि मी जाऊन येऊन करणार.

आता जाऊन येऊन म्हणजे काय ते बघा. नांदेड-देगलूर-संगारेड्डी रस्त्याने हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर, ट्रॅव्हल्सने साडेपाच-सहा तास. रेल्वेने जावं तर देवगिरी आहे, अजिंठा आहे, पण गाडी सोडते शहराच्या एका टोकाला आणि विमानतळ शमशाबादला दुसऱ्या टोकाला, तिथे परत दीड तास. कंपनीच्या स्टाफ तिकिटावर विमानाने येता येईल पण ते तिकीट सीट शिल्लक असेल तरच, आणि मे महिन्यात नांदेडला ४३ डिग्री असताना हवा पातळ होते, विमानाला तेवढं वजन उचलता येत नाही, मग जागा रिकामी दिसत असूनही माणसं कमी न्यावी लागतात आणि सगळ्यात आधी उतरवतात ते स्टाफ तिकीटवाल्याला. त्यात गैर काही नाही, पैसे भरलेला प्रवासी आधी गेलाच पाहिजे. पण त्या भरवशावर ड्यूटी धरता येत नाही.

वहीत आम्ही एक नमुना आठवडा मांडला. समजा शुक्रवारी रात्री नऊला माझी ड्यूटी संपली. पुढचं रिपोर्टिंग सोमवारी पहाटे पाचला. कागदावर ५६ तास विश्रांती, नियमाला ४८ पुरतात, म्हणजे उत्तम. प्रत्यक्षात शुक्रवारी रात्री तिथल्या खोलीवर झोपायचं, शनिवारी सकाळी गाडी धरून दुपारी एकपर्यंत घरी. रविवारी बाराला परत निघायचं, कारण सोमवारी पहाटे पाचला ताजंतवानं हजर व्हायचं तर रविवारची रात्र तिथेच झोपून काढली पाहिजे. घरी मिळाले २३ तास, त्यात मुलगी झोपलेली किती आणि मी झोपलेलो किती ते वेगळंच. आणि हा चांगला आठवडा झाला. स्टँडबाय लागला तर नांदेडला राहताच येत नाही कारण फोन आला की तास-दीड तासात हजर व्हावं लागतं. म्हणजे शमशाबादजवळ खोली घ्यावीच लागणार, चौघांत मिळून माझ्या वाट्याला महिना साडेसहा हजार येतात असं तिथल्या एका मित्राने सांगितलं, वर येण्याजाण्याचा खर्च, दोन ठिकाणचं जेवण.

मला जी गोष्ट खरोखर खटकते ती सांगतो. कंपनीने मला नांदेडहून हैदराबादला प्रवासी म्हणून पाठवलं तर तो वेळ ड्यूटीत धरला जातो. नियमातच आहे तसं, कारण प्रवासाने माणूस दमतो हे नियम करणाऱ्यांना माहीत आहे. पण त्याच विमानात, त्याच सीटवर, त्याच वेळेला मी घरून कामावर यायला म्हणून बसलो तर तो वेळ शून्य. माझा खासगी मामला. शरीराला काय कळतं हो, कोणी पाठवलं ते?

अमेरिकेत हे सगळं होऊन गेलंय. तिथे प्रादेशिक कंपन्यांचे कितीतरी पायलट एका राज्यात राहतात आणि बेस दुसऱ्याच राज्यात असतो. १२ फेब्रुवारी २००९ ला कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ पडलं, विमानातले सगळे ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० लोक गेले. त्यातली को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून निघून मेम्फिसला विमान बदलून मालवाहू विमानांनी रात्रभर प्रवास करत नेवार्कला ड्यूटीवर पोचली होती, कॅप्टन फ्लोरिडात राहायचा आणि त्याने आदली रात्र विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती. चौकशीत मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपून विमान पडू लागण्याच्या, इशाऱ्यावर उलटी कृती केली हेच निघालं, थकव्याचा वाटा नेमका किती ते ठरवता आलं नाही, पण थकव्याने दोघांच्या कामावर परिणाम झाला असणार असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यानंतर तिथे को-पायलटलासुद्धा १५०० तासांची अट आली, २०१४ पासून ड्यूटीआधी १० तास विश्रांती आणि त्यात सलग ८ तास झोपायची संधी हा नियम आला. घर ते बेस हा प्रवास मात्र तिथेही पायलटच्याच जबाबदारीवर सोडलाय.

आणि आपल्याकडे २२ मे २०१० चं मंगळूर कोण विसरेल. दुबईहून रात्रभर उडून आलेलं विमान, १५८ लोक गेले, ८ वाचले, आणि कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपला होता हे चौकशीत आलं. झोपेतून उठल्यावर डोकं लगेच चालत नाही, तशात धावपट्टी डोंगरावरची. मी हे वाचलं तेव्हा शिकत होतो आणि तेव्हा त्या कॅप्टनचा राग आला होता. आता येत नाही. आता पहाटे दोन ते सहामध्ये शरीर कसं गळून जातं ते मी स्वतः अनुभवलंय.

एटीआरवर तर तासांपेक्षा सेक्टर, म्हणजे एकामागून एक छोटी उड्डाणं, माणसाला दमवतात. मोठं जेट एकदा वर गेलं की दोन-तीन तास शांत असतं, आमचं तसं नाही, तासाभराची फ्लाइट, वर गेलो की उतरायची तयारी, दिवसाला चार-चार कधी सहा वेळा टेकऑफ आणि लँडिंग, पावसाळ्यात जेट ढगांच्या वरून जातं आणि आम्ही ढगांतून. छोट्या विमानतळांवर मदतीची यंत्रणाही कमी. हे काम मला प्रचंड आवडतं, लहान गावातल्या म्हातारीला पहिल्यांदा विमानात बसताना बघणं याच्यासारखं सुख नाही, पण हे काम झोप झालेल्या माणसाचं आहे.

१ जुलै २०२५ पासून नियमाने पायलटची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर आणखी मर्यादा आली. मग डिसेंबरात या नियमांना पायलट पुरेनात म्हणून देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळांवर जमिनीवर झोपले, आणि ओळखीतल्या कितीतरी लोकांनी मला तोंडावर विचारलं की तुम्हा पायलट लोकांना एवढी विश्रांती लागते कशाला. लोकांचे हाल झाले, लग्नं चुकली, परीक्षा चुकल्या, राग येणारच. पण ते ४८ तास आम्ही कसे जगतो ते वर लिहिलंय.

आता माझं म्हणणं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी काय असते ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको, संध्याकाळी डेपोतून सुटून गावात मुक्कामाला जायची आणि पहाटे गावातली शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं, दूधवाले घेऊन तालुक्याला यायची. बाबा डेपोत विनंती करून आमच्याच गावाची मुक्कामी ड्यूटी मागून घ्यायचे. गाडी पारापाशी उभी आणि बाबा आमच्या ताटाला ताट लावून जेवायला. पहाटे पाचला गाडी बरोबर सुटायची, एकही दिवस चुकली नाही, कारण ड्रायव्हर स्वतःच्या घरात झोपलेला असायचा.

विमान असं मुक्कामी का नाही ठेवता येणार? आज बेस मोठ्या शहरात म्हणून विमान सकाळी तिकडून निघतं, आपल्याकडे त्याच्या सोयीने येतं आणि परत जातं. तेच विमान रात्री नांदेडला थांबलं तर सकाळी सातला इथून सुटेल, माणूस मुंबईत कोर्टाचं, मंत्रालयाचं, टाटा हॉस्पिटलचं काम करून रात्री घरी. आणि ते उडवणारे इथेच राहणारे असले तर कंपनीचा हॉटेलचा खर्चही वाचतो. अडचणी आहेत, मला माहीत आहेत. रात्री विमान तपासायला इंजिनिअर लागतो, पार्किंगची जागा लागते, विमानतळाचे वॉच अवर्स म्हणजे कंट्रोल टॉवर चालू असण्याच्या वेळा वाढवाव्या लागतात, आणि एका विमानासाठी गावोगावी राखीव क्रू ठेवणं कुठल्याच छोट्या कंपनीला परवडणार नाही. म्हणून सगळा बेस इथे आणा असं मी म्हणत नाही. पण जो क्रू ज्या गावचा आहे त्याची ड्यूटी त्या गावातून सुरू आणि त्या गावात संपेल असे काही दिवस तरी रोस्टरमध्ये म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात बसवता येतात, एसटीचा डेपो मॅनेजर वहीवर जे जमवायचा ते कॉम्प्युटरवर जमेल. आणि डीजीसीएने, म्हणजे विमानांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, घर ते बेस हे अंतर रोस्टर करताना विचारात घ्यायला कंपन्यांना सांगावं, निदान ऑफर लेटरमध्ये त्यावर एक ओळ तरी असावी. आत्ता माझ्या लेटरमध्ये तीन वर्षं कंपनी न सोडण्याचा बॉन्ड आहे, नियमाप्रमाणे सहा महिन्यांचा नोटीस पिरियड आहे, दाढी कशी ठेवायची ते आहे, याबद्दल एक शब्द नाही. एचआरच्या बाईंना फोनवर विचारलं तर चांगल्या बोलल्या, म्हणाल्या सर सगळेच मॅनेज करतात.

आपल्या खासदार-आमदारांनी, व्यापारी संघटनेने नवीन फ्लाइट मागताना विमान मुक्कामी ठेवा ही मागणी सोबत करावी एवढी या पत्रातून विनंती आहे. फ्लाइट किती वाजता सुटणार हे जसं विचारता तसं रात्री कुठे थांबणार हेही विचारा.

मी बहुतेक हो म्हणणार आहे. उडवल्याशिवाय मला राहवत नाही हे बायकोला माझ्याआधी कळलं होतं. पण काल कंपनीला मेल केलाय की सुट्टीच्या आदल्या दिवशीची माझी ड्यूटी दुपारी चारच्या आत संपेल आणि सुट्टीनंतरचं पहिलं रिपोर्टिंग दुपारचं असेल एवढं लेखी द्या, म्हणजे घरी दोन रात्री पूर्ण मिळतील. पगार वाढवून मागितला नाही. अजून उत्तर आलेलं नाही. वडिलांना मेल वाचून दाखवला, ते डाव्या हाताने कागद धरून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले मुक्कामीच मागितलीस की रे.

आपला,
एक पायलट, नांदेड