दवाखान्याचं बिलही ‘उपभोगा’तच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारतीय माणूस खर्च करतो, चिनी माणूस पैसा दाबून ठेवतो, अशा अर्थाचं लिखाण हल्ली वारंवार वाचनात येतं. आधार एकच : आपल्या राष्ट्रीय उत्पन्नात लोकांच्या घरखर्चाचा वाटा 60 टक्क्यांच्या आसपास आहे, चीनमध्ये तो 40 च्याही आत. आकडा खरा आहे. पण त्यावरून आपली माणसं जास्त सुखात आहेत असं ठरवलं जातं, ते मला मुळीच पटत नाही.

सेलूत माझं किराणा दुकान आहे. उधारीच्या जुन्या वह्या मी टाकलेल्या नाहीत. 1996 च्या वहीत एका शेतकरी घराचं पान आहे : पत्ती 50 ग्रॅम, साखर अर्धा किलो, गोडेतेल पावशेर, मीठ, बिडी बंडल. खाली शेरा, ‘कापूस गेल्यावर’. ज्वारी घरची, म्हणून तिची नोंद नाही. आता त्याच घराच्या पानावर बिस्किटाचे पुडे, शाम्पूच्या पुड्या, लेकरांसाठी पाच रुपयांचे वेफर्स. घरखर्चाची सरकारी पाहणीही तेच सांगते. ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च 2011-12 मध्ये 1,430 रुपये होता, 2023-24 मध्ये 4,122 झाला. महागाई वजा करून 2,079. त्यात खाण्याचा वाटा 53 टक्क्यांवरून 47 वर आला. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण गेल्या पोळ्यापासून त्या घराचं पान कोरं आहे. म्हातारीचं ऑपरेशन निघालं. गाय विकली, पाहुण्यांकडून हातउसने घेतले. राष्ट्रीय हिशेबात हे बिलसुद्धा ‘उपभोग खर्च’ म्हणूनच धरलं जातं. कागदावर त्या घराचा खर्च वाढला. इकडे मालकीणबाई शेवटच्या आल्या तेव्हा तेल घ्यावं की साबण, याचा विचार करत काउंटरपाशी किती तरी वेळ उभ्या होत्या.

आता चीनचं. 1990 साली दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न साधारण सारखंच होतं, डॉलरमध्ये मोजलं तर आपण किंचित पुढेच. 2023 पर्यंत ते साडेबारा हजार डॉलरच्या वर गेले, आपण अडीच हजारांच्या आसपास. त्यांचे 39 टक्के धरा नि आपले 60 धरा, तरी चिनी माणसाचा खर्च आपल्या तिपटीहून जास्त भरतो. आपल्याकडे स्वस्ताई आहे, त्यामुळे फरक बराच कमी होतो, पण मिटत नाही. 1978 मध्ये चिनी खेड्यातलं घर खर्चातले सुमारे 68 टक्के खाण्यावर घालत होतं, 2023 मध्ये 32. दोन्हीकडच्या मोजणीच्या पद्धती वेगळ्या आहेत हे मान्य, तरी आपले 47 कुठे राहिले ते दिसतंच.

चीनचंही सगळं चांगलं आहे असं नाही. तिथले लोक पैसा साठवतात त्याला आजारपणाची आणि मुलांच्या शिक्षणाची धास्ती हेही एक कारण आहे. खेड्यातून शहरात कामाला गेलेल्याला ‘हुकोऊ’ म्हणजे मूळ गावाशी बांधलेल्या सरकारी नोंदणीमुळे शहरातल्या सोयी सहजी मिळत नाहीत. म्हणजे दवाखान्याची धास्ती दोन्हीकडे आहे. तिथे ती बचतीत दिसते, आपल्याकडे कर्जात.

म्हणून विनंती, अशी तुलना छापताना नुसता टक्का देऊ नका. माणशी रक्कम द्या आणि खाणं, दवाखाना, शिक्षण यांची फोडही द्या. आणखी एक. 2011-12 नंतर घरखर्चाच्या सरकारी पाहणीचे आकडे थेट 2022-23 चे मिळाले, 2017-18 ची पाहणी झाली पण सरकारने तिचा अहवाल जाहीर केला नाही. या खंडातच मराठवाड्याने मोठा दुष्काळ काढला. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा घराघरांत काय शिजलं, कशाला कात्री लागली, हे देशाच्या आकड्यांत शोधून सापडणार नाही. माझ्या त्या वर्षीच्या वहीत पानोपानी पावशेर तेलाचं छटाक झालेलं आहे.

– एक किराणा दुकानदार, सेलू (जि. परभणी)