लसीकरणाच्या ग्रुपला राखणदार हवा

संपादक महोदय,

लसीकरणासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायला पाच मिनिटं लागतात. तो चालवायला रोज अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास सहसा कुणाच्याच कामात धरलेला नसतो. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा पालकांच्या ग्रुपांवर लसीने वंध्यत्व येतं अशा अफवा बिनबोभाट फिरत होत्या. २०२२मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराने डोकं वर काढलं. तरीही ग्रुप म्हणजे सत्राची तारीख टाकायचा फळा, हीच समजूत कायम आहे.

ग्रुप एका आरोग्य उपकेंद्रापुरताच असावा. त्याच्या साधारण पाच हजार वस्तीत वर्षाला साधारण ऐंशी बाळं जन्मतात. दोन वर्षांपर्यंतची धरली तर दीडशे-एक घरं होतात. एवढ्यांना आरोग्यसेविका आणि आशाताई नावानिशी ओळखतात. दोघींना अ‍ॅडमिन करावं, तिसरी गावातलीच एखादी आई असावी. विचारल्याशिवाय कुणालाही आत घेऊ नये. ग्रुपवर सुनेचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि एखाद्या पुरुषाचा नको तो मेसेज आला की दहा बायका गुपचूप बाहेर पडतात. लसकार्डाचा फोटोही टाकू देऊ नये. त्यावर नाव, पत्ता, मोबाइल सगळं असतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ ही सोय कायमची चालू ठेवणं. शंका मिटत नाहीत, भावकीच्या ग्रुपवर जातात. रात्री नऊ ते सकाळी सात बंद आणि दिवसा खुला, एवढं पुरतं. खोटा व्हिडिओ आला तर काढावा, पण काय काढलं आणि का, हे दोन ओळींत लिहावं. तोच व्हिडिओ लाल फुली मारून पुन्हा टाकू नये, त्याने तो आणखी पसरतो. टाकणाऱ्याला आधी फोन करावा. बहुतेक वेळा तो घाबरलेला बापच असतो. प्रश्न मात्र कधीही काढू नये, कितीही टोचणारा असला तरी.

कसोटी लागते ती तापाच्या मेसेजला. ‘लस दिली आणि बाळ फणफणलंय’ असं एक आई लिहिते, तासाभरात चार जणी ‘आम्ही नाही आणणार’ म्हणतात. पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीनंतर, एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. गोवर-रुबेलानंतर तो सात ते बारा दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. हे सत्राच्या दिवशीच सांगितलेलं असलं तर आठव्या दिवशी घबराट होत नाही. उत्तर देणारीने बाळाचं वय, कोणती लस, ताप कधीपासून, दूध ओढतंय का, हे फोनवर विचारावं. झटका, सुस्ती किंवा धाप असेल तर ग्रुपवर चर्चा नको, थेट दवाखाना. आणि ‘पॅरासिटामॉल अर्धा चमचा द्या’ असं ग्रुपवर कधीच लिहू नये. ड्रॉप्सच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५. म्हणजे चमचा तोच, औषध चौपट. मात्रा वजनावरून ठरवून सत्रातच कार्डावर लिहून द्यावी.

ऊसतोडीच्या गावांत तर ग्रुपची खरी गरज ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे असते. टोळी कोल्हापूर-सांगलीकडे गेली की नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा गोवर-रुबेलाचा डोस फडातच चुकतो. अशा घरांना ग्रुपमधून काढू नये. मुकादमाचा नंबर आणि अड्ड्याचं गाव निघण्याआधीच नोंदवून तिथल्या आरोग्यसेविकेला कळवावं. फोन नवऱ्याच्या खिशात असतो, बाईला वाचता येईलच असं नाही. म्हणून आशाताईच्या आवाजातला तीस सेकंदांचा निरोप लांबलचक मजकुरापेक्षा कामाचा. त्यात एवढंच असावं: राहिलेला डोस उशिरा घेतला तरी चालतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, साध्या सर्दीसाठी थांबू नये, कार्ड सोबत ठेवावं.

हे सगळं आशाताईंनी स्वतःच्या रिचार्जवर, रात्री भाकऱ्या थापून झाल्यावर करावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. जिल्हा परिषदांनी ग्रुपचं काम मोबदल्याच्या यादीत घ्यावं, दर महिन्याचं रिचार्ज द्यावं, आणि रजेच्या दिवसांत उत्तरं कोण देणार ते नावानिशी ठरवावं.

आपले,
बाललसीकरणात काम करणारे काही वाचक